सरकारी दवाखान्यात 'फोटो काढणारा' व्हायचं असेल तर

आमच्याकडे ग्रामीण रुग्णालयात एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नाही, "डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितलाय" म्हणत चिठ्ठी पुढे करतात. त्यामुळे आपण क्ष-किरण तंत्रज्ञ वगैरे ऑर्डरवर, बाकी गावासाठी फोटोवाले. दर महिन्याला कुणाचा तरी पुतण्या, भाचा येऊन विचारतो की दादा तुमच्या लाईनला यायचं तर काय करावं लागतं, बटणच तर दाबायचं असतं ना. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

आधी शिक्षण. बारावी सायन्स पाहिजे, फिजिक्स केमिस्ट्री बायो घेऊन. मग रस्ते दोन. एक म्हणजे डिग्री, आपल्याकडे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी) कोर्स आहे, त्यात रेडिओग्राफीची शाखा घ्यायची, तीन वर्षं शिक्षण आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. बऱ्याच सरकारी मेडिकल कॉलेजात हा कोर्स चालतो, आणि तिथं शिकलेल्या पोराचा हात वेगळाच असतो कारण रात्री दोन वाजताचा अ‍ॅक्सिडेंट त्यानं पाहिलेला असतो. दुसरा रस्ता डिप्लोमा, तो शक्यतो दोन वर्षांचाच करा. रेल्वेच्या जाहिरातीत रेडिओग्राफरला बारावी फिजिक्स केमिस्ट्रीसकट आणि दोन वर्षांचा डिप्लोमा असं स्पष्ट लिहिलेलं असतं, सुरुवातीचं मूळ वेतन २९,२०० आहे, म्हणजे दीड वर्षाचा किंवा 'फास्ट ट्रॅक' कोर्स केला असेल तर तो दरवाजा बंद.

आणि हो, डीएमएलटी म्हणजे लॅब, रक्त लघवी तपासणारे, आपण नाही. हसू नका, डीएमएलटी करून एक्स-रेच्या जागेला फॉर्म भरलेले लोक मी पाहिलेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कोर्सची मान्यता. आमच्या शेजारच्या गावातल्या एका पोराच्या बापानं बैल विकून फी भरली, दुकानाच्या वरच्या मजल्यावरची इन्स्टिट्यूट, एक्स-रे मशीन फक्त भिंतीवरच्या पोस्टरवर. पोरगा हुशार, लेखी परीक्षेत पास झाला आणि कागदपत्र तपासणीत बाहेर पडला कारण सर्टिफिकेट कुणीच मानेना. म्हणून फी भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा. कोर्सला विद्यापीठाची किंवा सरकारी मंडळाची मान्यता कागदावर आहे का, प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात आणि किती महिने, आणि पास झाल्यावर पॅरामेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी होते का. २०२१ मध्ये केंद्रानं अलाइड हेल्थकेअरचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून आपल्यासारख्या तंत्रज्ञांचा, राष्ट्रीय आयोग नेमायचा कायदा केला आणि आपलं काम त्यात येतं, त्यामुळे नोंदणी नसलेल्याचे दिवस अवघडच होत जाणार. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा गोलगोल बोलायला लागला तर चहा पिऊन घरी या.

जागा कुठं निघतात हे पण नीट समजून घ्या, कारण पोरं एकाच जाहिरातीची वाट बघत बसतात. जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाची, मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं वैद्यकीय शिक्षण विभागाची, त्याशिवाय महापालिका, रेल्वे, ईएसआय (कामगार विमा), नागपूरचं एम्स, सगळ्यांच्या भरत्या वेगळ्या. पदाचं नावही सारखं नसतं, कुठं क्ष-किरण तंत्रज्ञ, कुठं क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी, कुठं रेडिओग्राफर, कुठं सहायक, आणि प्रत्येकाची पात्रता निराळी, तेव्हा नावावर जाऊ नका, जाहिरातीतला पात्रतेचा रकाना शब्द न् शब्द वाचा. एनएचएमची, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाची, कंत्राटी जागा मिळाली तर घ्या, पगार कमी असतो पण हात बसतो. वयाची अट राज्यात साधारण खुल्याला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. परीक्षेत आपल्या विषयासोबत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी असते आणि आपली पोरं विषयात नाही, इंग्रजीत मार्क घालवतात. कुणी "सेटिंग लावतो" म्हणाला तर २०२१ ची आरोग्य भरती आठवा, पेपर फुटला, सगळंच रद्द झालं, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांचं काय झालं ते पेपरात वाचलंय सगळ्यांनी.

फाईल आधीच तयार ठेवा. डोमिसाईल, जात वैधता, नॉन क्रीमीलेअर, एमएस-सीआयटी, कौन्सिलची नोंदणी, आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. जात वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो, ते बारावीतच सुरू करा.

आता काम. सकाळी ओपीडी सुरू झाली की दाराबाहेर रांग लागते, त्यात पडलेल्या आज्या, दम्याचे काका, शाळेत हात मोडून घेतलेली पोरं. मशीनला हात लावायच्या आधी चिठ्ठी वाचायची. नाव, वय, कुठला भाग, कुठली बाजू, कुठला व्ह्यू. नाव पेशंटच्या तोंडून वदवून घ्या, "तुम्ही सुमनबाईच ना" विचारलं की ऐकू कमी येणारी आजी हो म्हणते, हो म्हणणं हा तिचा स्वभाव आहे. चिठ्ठीत उजवा गुडघा आणि पेशंट डावा पाय ओढत येतोय असं दिसलं तर स्वतः दुरुस्ती करायची नाही, डॉक्टरला फोन लावायचा किंवा पेशंटला परत पाठवायचं. दोन मिनिटं जातात, रांगेतले ओरडतात, ओरडू द्या. एल आणि आर (डावा-उजवा) चा मार्कर कॅसेटवर, म्हणजे फोटो उमटतो त्या पाटीवर, लावूनच एक्स्पोजर द्यायचा, म्हणजे किरणं सोडायची, नंतर कॉम्प्युटरवर अक्षर टाकता येतं म्हणून बरेच जण आळस करतात आणि मग तिसऱ्या पेशंटनंतर कुणाचा कुठला हात होता हे देवालाच माहीत.

छातीचा फोटो सगळ्यात जास्त असतो आणि सगळ्यात जास्त बिघडतोही तोच. पेशंटला छाती स्टँडला टेकवून उभं करायचं, ट्यूब १८० सेंटिमीटरवर, म्हणजे जुने लोक सहा फूट म्हणतात ते, कारण जवळून काढला की हृदय उगाच मोठं दिसतं आणि त्या पेशंटची विनाकारण हृदयाची तपासणी सुरू होते. हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे ढकललेले, म्हणजे पाठीची फरी फुफ्फुसावरून बाजूला होते. मग "श्वास घ्या, धरा". इथं गंमत होते, निम्मे लोक छाती न फुगवता गाल फुगवतात. मी आधी स्वतः करून दाखवतो, एकदा कोरडी प्रॅक्टिस घेतो, मगच आत जाऊन बटण दाबतो. बाईची वेणी छातीवर आली तर फुफ्फुसाच्या टोकाला सावली पडते आणि ती टीबीसारखी दिसू शकते, वेणी डोक्यावर घ्यायला सांगा. मंगळसूत्र काढा म्हटलं की बायका बिचकतात, हट्ट करू नका, हनुवटीच्या वर धरायला सांगितलं तरी भागतं. गड्यांच्या खिशातली चुन्याची डबी, कमरेचा करदोटा, दंडातला ताईत, सेफ्टी पिन, हे सगळं हातानं न चाचपता तोंडानं विचारून काढायला लावायचं.

हाडाचा फोटो असेल तर दोन व्ह्यू, एकमेकांना काटकोनात, समोरून सरळ दिसणारं हाड बाजूनं मोडलेलं असतं. आणि लांब हाड असेल तर शक्यतो वरचा आणि खालचा दोन्ही, निदान एक तरी सांधा फोटोत आलाच पाहिजे.

बाईमाणसाचं पोटाचं किंवा कमरेचं काही असेल तर पाळी कधी आली होती हे विचारणं तुमचं काम आहे, नर्सचं नाही आणि डॉक्टरनं विचारलं असेल असं समजून चालायचं नाही. पण सासूसमोर विचारू नका, खरं उत्तर मिळत नाही. मी सासूबाईंना केसपेपरची झेरॉक्स आणायला पाठवतो. दिवस गेलेत अशी शंका जरी असली तरी थांबायचं आणि डॉक्टरला विचारायचं.

लहान पोराला धरायचं असेल तर तुम्ही धरायचं नाही. रोज धराल तर वर्षात किती होईल बघा. आईवडिलांपैकी जो असेल त्याला लेड (शिशाचा) अ‍ॅप्रन घालून धरायला लावा, आई पोटुशी असेल तर बापाला बोलवा.

एक्स्पोजरबद्दल थोडं जास्त बोलतो कारण इथं नवीन पोरं चुकतात. केव्ही म्हणजे किरणांचा जोर, एमएएस म्हणजे किरणांचं प्रमाण. फिल्म आणि डार्करूमच्या काळात जास्त मारलं की फिल्म काळी व्हायची, सगळ्यांना चूक दिसायची, सिनिअर शिव्या घालायचा. आता सीआर आणि डीआर, म्हणजे कॉम्प्युटरवरचा एक्स-रे आला, जास्त मारलं तरी कॉम्प्युटर फोटो सुंदर करून दाखवतो, उलट कमी मारलं की दाणेदार दिसतो आणि डॉक्टर तक्रार करतो. मग माणूस काय करतो, दर वेळी थोडं जास्तच मारतो, आणि सहा महिन्यात अख्ख्या डिपार्टमेंटचा डोस वाढलेला असतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून स्क्रीनवर एक्स्पोजर इंडेक्सचा, म्हणजे किती किरणं पोचली त्याचा, आकडा येतो तो रोज बघायची सवय लावा आणि भिंतीवर बारीक, मध्यम, जाड पेशंटचा चार्ट चिकटवा. कॉलिमेटर, म्हणजे किरणांचा झोत लहानमोठा करणाऱ्या झडपा, हव्या तेवढ्या भागापुरत्या बंद करत आणा, बोटाचा फोटो काढताना अख्खं मनगट आणि मांडी उजेडात कशाला पाहिजे.

आता तुमची स्वतःची काळजी. आपल्यावर नियम अणुऊर्जा नियामक मंडळाचे चालतात, ऑफिस मुंबईत अणुशक्तीनगरला. कामगाराला पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलीसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप) ही मर्यादा आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, सामान्य माणसाला वर्षाला १. छातीचा एक फोटो साधारण ०.०२ चा असतो, त्यामुळे घाबरायचं काहीच नाही, पण बेफिकिरी नको. टीएलडी बॅज, म्हणजे आपल्या अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बिल्ला, छातीवर, अ‍ॅप्रनच्या आत लावायचा, दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. बॅज घालायला विसरणारे आहेतच, पण त्याहून थोर म्हणजे कोट बॅजसकट एक्स-रे रूममधल्या खिळ्याला टांगून घरी जाणारे, मग तिथं बॅज दिवसभर किरणं खातो, आकडा येतो आणि चौकशीचं पत्र आलं की धावाधाव. कंट्रोल बॅज, म्हणजे कुणी न लावता तुलनेसाठी ठेवलेला, तो दूरच्या खोलीत, कपाटात. बाई टेक्निशियन असेल आणि दिवस गेले तर लगेच लेखी कळवा, पुढच्या काळात बाळासाठी मर्यादा १ मिलीसिव्हर्ट आहे, ड्युटी त्याप्रमाणे लावून घेणं तुमचा हक्क आहे, उपकार नाही. वॉर्डात पोर्टेबल नेलं की मोठ्यानं आवाज द्यायचा आणि दोन मीटर तरी लांब उभं राहायचं, अंतर दुप्पट केलं की किरणं चौथाईवर येतात, याच्यापेक्षा स्वस्त संरक्षण नाही.

एमएलसीचे फोटो म्हणजे पोलीस केसचे, मारामारी, अ‍ॅक्सिडेंट, वय ठरवायच्या केसेस. इथं लिखाण फोटोइतकंच महत्त्वाचं. तारीख, वेळ, एमएलसी नंबर, पोलिसाचं नाव आणि बकल नंबर, किती फोटो, कुठल्या भागाचे, कुणाला दिले आणि त्याची सही. खाडाखोड नाही, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही. फोटो नातेवाइकाच्या हातात परस्पर द्यायचा नाही, तो गावचा सरपंच असला तरी. चार वर्षांनी कोर्टाचं समन्स येतं तेव्हा तुम्हाला पेशंटचं तोंडही आठवत नसतं, रजिस्टरच बोलतं.

पेशंट विचारतोच, "फॅक्चर हाय का साहेब?" रिपोर्ट देणं आपलं काम नाही, "डॉक्टर बघून सांगतील" एवढंच. पण फुफ्फुस खाली बसलेलं दिसलं किंवा मानेचं हाड सरकलेलं दिसलं तर पेशंटला हलवू नका आणि डॉक्टरला तिथंच बोलवा, फोटो रांगेत पडू देऊ नका. सोनोग्राफीच्या प्रोबला मात्र कुणी कितीही सांगितलं तरी हात लावायचा नाही, १९९४ चा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणीबंदीचा कायदा आहे, साहेब सुटतील, तुम्ही अडकाल.

मोठ्या हॉस्पिटलात गेलात तर सीटी एमआरआय येईल. एमआरआयचं चुंबक कधीच बंद नसतं, पेशंट नसला तरी. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका मोठ्या पालिका रुग्णालयात नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि जिवानिशी गेला. तेव्हा एमआरआयच्या दाराशी तुम्ही जरा उद्धट वागलात तरी चालेल. इकडे गावाकडे टीबीचं कामही वाढलंय, डिसेंबर २०२४ मध्ये १०० दिवसांची मोहीम सुरू झाली त्यात हातात धरायची एक्स-रे मशीन गावोगाव फिरली, त्यामुळे आता समाजमंदिरात, शाळेच्या व्हरांड्यात छातीचे फोटो काढायची तयारी ठेवा, तिथं बकी स्टँड (छाती टेकवायचा उभा स्टँड) नसतो आणि बघे खूप असतात, आधी बघ्यांना लांब करा मग मशीन उघडा.

जॉईन झालात की पहिल्याच दिवशी काही गोष्टी करून टाका. चार्ज घेताना अ‍ॅप्रन मोजा आणि घडी करून ठेवलेले असतील तर लगेच हँगरला लावा, घडीवर आतलं शिसं चिरतं आणि बाहेरून काही दिसत नाही. मशीनचा क्यूए (गुणवत्ता तपासणीचा) रिपोर्ट दोन वर्षांच्या आतला आहे का आणि नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवरची नोंदणी चालू आहे का ते विचारा, नसेल तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा. दारावरचा लाल दिवा लागतो का ते बघा. आणि स्वतःच्या नावाच्या टीएलडी बॅजचा अर्ज त्याच दिवशी करा, बॅज यायला वेळ लागतो, तोवर कुणी "आधीच्या माणसाचा पडलाय, तोच लावा" म्हणेल. तो लावायचा नाही.