आमवातात प्रतिकारशक्ती ‘वाढवू’ नका: या चुका टाळा

सोलापुरात विड्या वळणाऱ्या किंवा मागावर काम करणाऱ्यांची बोटं दुखली की दोष कामाला जातो. कामाच्या ताणाचं दुखणं विश्रांतीने उतरतं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, असेल तर सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-एक तास आखडलेली राहतात आणि हालचालीने मोकळी होतात. दोन्ही हातांची मनगटं, मुठीचे आणि बोटांच्या मधले सांधे सुजतात; नखांजवळचे बहुधा वाचतात. नुसतं युरिक ॲसिड तपासून हा आजार कळत नाही. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या करा. मात्र दोन्ही निगेटिव्ह आल्या तरी आमवात असू शकतो, तेव्हा सूज टिकली तर संधिवाततज्ज्ञाकडे जाच.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘प्रतिकारशक्ती कमी झालीय, काढा घ्या’. इथे प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यावर उलटलेली असते. बी-पेशी, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध अँटीबॉडी बनवतात, टीएनएफ आणि आयएल-6 ही रसायनं सूज पेटती ठेवतात, सांध्याचं अस्तर जाड होऊन कूर्चा आणि हाड कुरतडतं. गुळवेलीसारख्या वनस्पती याच यंत्रणेला चेतवू शकतात. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत, आणि आमवाताचं नेहमीचं औषध मेथोट्रेक्सेट, त्याचा भारही यकृतावरच पडतो.

मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड येतं, पांढऱ्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. वार ठरवा, सोमवार, सिद्धेश्वराच्या दर्शनाचा, सहज लक्षात राहतो. तो चिठ्ठीवर आणि गोळीच्या पाकिटावर लिहून ठेवा, घरातल्या आणखी एकाला सांगा. सोबतची फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची गोळी डॉक्टर सांगतील त्या वेगळ्या वारी. परिणाम दिसायला 6 ते 12 आठवडे लागतात. दोन आठवड्यांत ‘गुण नाही’ म्हणून सोडू नका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृत आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) यांच्या तपासण्या सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी, पुढे साधारण तीन महिन्यांनी. ताप आला किंवा तोंड आलं तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक सोबत चालत नाही, म्हणून दुसऱ्या दवाखान्यात गेलात तरी ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा. दारू टाळा. मूल हवं असेल तर कित्येक महिने आधीच औषधांबद्दल बोला.

स्टेरॉइडने दोन दिवसांत बरं वाटतं, म्हणून दुकानातून स्वतःच घेत राहू नका. अचानक बंदही करू नका. आणि विडी ओढत असाल तर ती सोडा, धूम्रपानाने हा आजार जडण्याचा आणि बळावण्याचा धोका वाढतो.