देऊळ, चर्च आणि मशीद मिळून : गावात कामगार मदतकक्ष कसा चालवावा

म्हापशात मिलाग्रीस सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वार्षिक उत्सवाला, हिंदू भाविकही तेल वाहतात, हे गोवेकराला वेगळे सांगायला नको. पण एकमेकांच्या देवाला हात जोडणारी माणसे एकत्र काम करतातच असे नाही. कामाला वेळापत्रक लागते, हिशोब लागतो, आणि नेमके तिथेच गाडे अडते.

बहुतेक गावांत सुरुवातच चुकते. फादर, देवस्थानचे अध्यक्ष आणि मौलाना एका व्यासपीठावर येतात, समई पेटते, फोटो निघतात आणि पुढच्या महिन्यात कुणी फिरकत नाही. त्यापेक्षा प्रत्येक संस्थेतून दोन अशी सहा माणसे घ्या. त्यांत निदान तीन बायका असाव्यात आणि एकाला तरी कन्नड यावे, कारण बांधकामावरचे अनेक मजूर कर्नाटकातून आलेले असतात. हातात काम एकच घ्या : महिन्यातून एकदा तीन तासांचा मदतकक्ष.

जागा पंचायतीचे सभागृह किंवा शाळेचा वर्ग. कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) हॉलमध्ये किंवा देवळाच्या मंडपात पहिले सहा महिने नको. बाहेरून आलेला मजूर तिथे पाऊल टाकायला बिचकतो. वेळ महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीन ते सहा. सकाळची मीस (चर्चमधली प्रार्थना) झालेली असते, दुपारची नमाजही. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजासाठी मध्ये पंधरा मिनिटे थांबा. ग्रामसभाही बहुधा रविवारीच असते, म्हणून पंचायतीकडून तारखा आधी विचारून घ्या. चवथ (गणेशचतुर्थी), ईस्टर, शिगमो, गावचे फेस्त, जत्रा आणि ३ डिसेंबरचे जुन्या गोव्याचे फेस्त वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर खुणावून ठेवा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तो वेगळा पाहावा लागतो.

सूचनेचा मजकूर एकच ठेवा. तो मिसेच्या शेवटी, आरतीनंतर आणि जुम्म्याच्या नमाजानंतर एकाच आठवड्यात वाचला जावा. कागदावर मराठी, देवनागरी कोंकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी, हिंदी आणि कन्नड. रोमी वगळलीत तर ख्रिस्ती वाड्यावरच्या कितीतरी वयस्कांना सूचना वाचताच येणार नाही.

पहिल्या बैठकीत एक नियम लिहून त्यावर सहाही जणांनी सही करावी : मदतकक्षात प्रार्थना, पत्रके, प्रवचन, धर्माविषयी चौकशी यांतले काहीही नाही. धर्मांतराचा संशय एकदा शिरला की चांगले कामही बंद पडते. उमेदवार आणि पक्षाचे बॅनर यांनाही हाच नियम लावा, निवडणूक दूर असली तरी.

खाणे शाकाहारीच ठेवा. त्याने हलाल, श्रावण आणि चाळीस दिवसांचा ख्रिस्ती उपासकाळ असे सगळे प्रश्न एकदम मिटतात. साठ जणांसाठी साडेतीन किलो अळसांदे (चवळी) आदल्या रात्री भिजत घाला, तोणाकाला (नारळाच्या रस्स्याला) आठ नारळ लागतील, आणि पोदेराला (पाववाल्याला) १३० पाव आधी सांगून ठेवा. चहाला तीन लिटर दूध, साडेतीन लिटर पाणी, सव्वाशे ग्रॅम चहापूड, ६०० ग्रॅम साखर. टोप नवा घ्या; कुणाच्या घरच्या भांड्यात मासळी शिजली होती, हा वाद मग उद्भवतच नाही. रमजानात पाव-तोणाक बांधून द्या.

आता पैसा. देवस्थानच्या खर्चावर मामलेदारांची देखरेख असते, त्यामुळे तिथून रोख मागू नका; महाजनांकडून (देवस्थानच्या सभासदांकडून) वैयक्तिक धान्य घ्या. चर्चकडून छपाई, मशिदीच्या जमातीकडून चहा-साखर. वस्तूरूपाने चालले तर वर्षभर बँक खात्याची गरज पडत नाही. पुढे संस्था नोंदवायची झाल्यास किमान सात सदस्य लागतात. सर्वांत मोठा खड्डा परदेशातल्या मदतीचा. लंडनचा नातेवाईक प्रेमाने पैसे पाठवतो, पण त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर तो कायद्याने विदेशी स्रोत ठरतो आणि विदेशी देणगीच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय ते पैसे घेता येत नाहीत. भारतीय पासपोर्टवर आखातात राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले चालतात. म्हणून पासपोर्ट विचारा. त्यात संकोच नको. जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला तिन्ही ठिकाणच्या फलकावर लागला पाहिजे.

टेबलावर बहुतेकदा तीन प्रकारची कामे येतात. पहिले रेशनचे. मजुराचे कार्ड त्याच्या राज्यातले असले तरी ते आधारशी जोडलेले असल्यास इथल्या रेशन दुकानात धान्य मिळते. प्राधान्य गटातल्या माणशी महिना पाच किलो, तेही २०२३ पासून मोफत. तो आपल्या वाट्याचे इथे घेऊ शकतो, उरलेले गावाकडे घरचे घेतात. हे अनेकांना ठाऊकच नसते. अडते ते अंगठ्याच्या ठशावर. सिमेंटने बोटांच्या रेषा झिजतात. हात धुऊन, पुसून दहाही बोटे लावून पाहा. तरीही जमले नाही तर आधार केंद्रावर डोळ्यांची नोंद अद्ययावत करून घ्या.

दुसरे बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी. वय १८ ते ६० आणि गेल्या बारा महिन्यांत ९० दिवसांचे काम. ठेकेदार दाखल्यावर सही देत नाही, ही नेहमीची रड. म्हणून पहिल्याच भेटीत मजुराच्या हाती छोटी वही द्या : तारीख, जागा, मुकादमाचे नाव, मिळालेली मजुरी. पुढे कामगार कार्यालयात हीच वही बोलते.

तिसरे बुडवलेली मजुरी. १५१०० या क्रमांकावर विधी सेवेची मदत मिळते. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. पण इथे खरी कसोटी तुमची असते. मजुरी बुडवणारा बिल्डर बहुधा फेस्ताचा, जत्रेचा किंवा मशिदीच्या डागडुजीचा देणगीदार निघतो. त्या दिवशी ठरवू म्हटले तर कुणीतरी गप्प बसतो आणि मजुराला ते लगेच कळते. देणगीदारालाही सूट नाही, हे पहिल्या बैठकीच्या कागदावर लिहा, आणि त्याला जायचे पत्र तिन्ही संस्थांच्या सहीनेच जाऊ द्या. एकट्या फादरच्या किंवा एकट्या अध्यक्षांच्या सहीचे पत्र त्या माणसाचे वैयक्तिक वैर होऊन बसते.

आधारच्या झेरॉक्स ठेवू नका, व्हॉट्सॲप गटात टाकू नका. वहीत फक्त नाव, काम आणि पुढची तारीख. मजुरांच्या चेहऱ्यांचे फोटोही नकोत. ठेकेदार ते पाहतो आणि माणूस कामावरून जातो.

संध्याकाळी सहाला आवरताना अपुऱ्या कामांची यादी करा आणि प्रत्येक कामापुढे सहांपैकी एकाचे नाव घाला. पुढच्या महिन्यात चहा ठेवण्याआधी ती यादी वाचायची.