मूळव्याधीवर ताक, पण नीट केलेलं

आधी तपासून घ्या. रक्त पडलं म्हणजे मूळव्याधच, असं नसतं. भेगा, भगंदर, क्वचित आतड्याचा कर्करोगही तसंच रक्त दाखवतो. चाळिशीनंतर पहिल्यांदा रक्त दिसलं, काळपट दिसलं किंवा वजन उतरायला लागलं, तर पुढचं वाचू नका, डॉक्टर गाठा.

आयुर्वेदात याला अर्श म्हणतात आणि मुळाशी मंदाग्नी, म्हणजे मंदावलेलं पचन, धरतात. सुश्रुतांनी उपाय चार सांगितले: औषध, क्षार (मोड जाळणारा लेप), अग्निकर्म (डाग देणं), शस्त्र. घरी करायचा तो पहिलाच. क्षार लावतो म्हणून कुणी भोंदू दारात आला तर दार लावून घ्या.

मिसळ आणि तांबडा रस्सा बंद. पांढरा चालतो का, हे विचारूही नका. सुरण चिंचेच्या पाण्यात उकडून खा, नाहीतर घसा खाजतो.

आता ताक. इथंच सगळे फसतात. मी कपात दही घेऊन पाणी ओतायचो, चमच्यानं ढवळायचो आणि त्याला ताक म्हणायचो. आठवडाभर पोट टम्म. आईनं पेला नाकाशी नेला आणि म्हणाली, "हे ताक न्हवं, पातळ दही हाय." खरं ताक म्हणजे घुसळून लोणी पूर्ण काढलेलं, दह्याच्या निम्मं पाणी घातलेलं. दही ताजं हवं, आदल्या रात्री विरजलेलं. दोन दिवसांचं आंबट दही घुसळलंत तर जळजळ ठरलेली. आमच्याकडं म्हशीचं दाट दूध, त्यामुळं लोणी काढणं तर टाळताच येत नाही. रवी फिरवताना लोण्याचे कण वर गोळा होईपर्यंत थांबू नका. दुपारच्या जेवणाबरोबर एक पेला, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट घालून. रात्री नको.

आणि हे वात-कफाच्या कोरड्या मूळव्याधीला. रक्त पडतंय, आग होतेय, तर वैद्याला विचारल्याशिवाय ताकाला हात लावू नका.

सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसा. कुंथू नका, मोबाईल बाहेर ठेवा. सोनामुखीची 'एका रात्रीत पोट साफ' चूर्णं रोज घेऊ नका, आतडं त्यांच्यावाचून हलेनासं होतं.

मोड हातानं आत ढकलावा लागत असेल, तर ताकानं भागत नाही. शल्यतंत्र शिकलेल्या वैद्याकडं किंवा सर्जनकडं जा.