धोमच्या पाण्यावर शिडाची होडी: पहिल्यांदा कशी चालवायची

सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात, पण त्या वल्ह्यांच्या. शिडाला रुंद, उघडं पाणी लागतं. नदीत काठची झाडं वारा तोडतात. म्हणून शिकायचं तर वाईजवळचं धोम धरण बरं. आधी धरणाच्या कार्यालयातून परवानगी घ्या. भिंतीपासून आणि सांडव्यापासून लांब राहा. पावसाळ्यात नावच काढू नका.

होडी जुनी ‘लेझर’ बघा. ब्रूस कर्बी यांचा आराखडा, फायबरची, ४.२३ मीटर लांब, एकट्याने चालवायची. तिचं मोठं शीड ७.०६ चौरस मीटरचं असतं, नवख्याने ४.७ चं लावावं. ऐटीत मोठं लावणारे होडीत कमी आणि पाण्यात जास्त असतात.

विकत घेण्याआधी डोलकाठी बसते ती खोबण पाण्याने भरा आणि पातळीवर पेन्सिलने खूण करा. अर्ध्या तासात पाणी उतरलं तर खोबण फुटलीय. चांगला फायबरवाला ओळखीचा नसेल तर ती होडी सोडा. डेकवर तळहाताने दाबत जा. मऊ लागलं तर आतला थर सुटलाय.

काठावर नाक वाऱ्याकडे करून होडी ठेवा. वर विजेच्या तारा नाहीत ना ते बघा, डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची असते. तिचे दोन तुकडे जोडा, शिडाची बाही त्यावर चढवा, मग खोबणीत उभी करा. बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, आणि सुकाणू लावा. मधली फळी, म्हणजे होडीच्या मधल्या फटीतून पाण्यात उतरणारी, खोल पाण्यात गेल्यावरच पूर्ण खाली सोडा.

लाइफ जॅकेट घालूनच बसा, वारा येतो त्या बाजूला. मागच्या हातात सुकाणूचा दांडा, पुढच्या हातात शिडाचा दोर. वारा आडवा घेऊन एकदा तिकडे, एकदा इकडे, एवढंच करा. दोर सैल सोडा, शीड फडफडेल. फडफड थांबेपर्यंतच ओढा. वळताना दांडा शिडाकडे ढकला आणि डोकं खाली घ्या. थेट वाऱ्याच्या तोंडावर होडी जात नाही, नागमोडीच जावं लागतं. डोंगरावरून झोत येतो तेव्हा पाण्यावर गडद पट्टा सरकताना दिसतो. तो पोचायच्या आत दोर ढिला करा. घाबरलात तरी हाच उपाय.

उलटणं मुद्दाम शिका, दुसरी होडी जवळ ठेवून. उथळ पाण्यात नको. डोलकाठीचं टोक गाळात रुतून बसतं. उलटली की होडी सोडून पोहत सुटू नका. दोर मोकळा करा, पोहत तळाच्या बाजूला जा, मधल्या फळीवर उभे राहा आणि होडीची कड धरून मागे झुका. ती हळूहळू सरळ होते.

घरी आणल्यावर मागचं बूच काढून पोटातलं पाणी निथळू द्या. शीड घडी न घालता गुंडाळून ठेवा.