जलसंजीवनी घरात शिकवताना

जुलाब लागले की मुलाचं पाणी तोडायचं, ही समजूत खुळी नाही. पाजलं की लगेच शी होते हे आई डोळ्यांनी बघत असते, त्यामुळे पाण्यानंच जुलाब वाढतात असं तिला वाटणारच. म्हणून जलसंजीवनी, म्हणजे जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी, शिकवायला गेल्यावर ‘तुमचं चुकतंय’पासून सुरुवात नको. आधी विचारा: मागच्या वेळी काय दिलं, काय बंद केलं, आणि ते ठरवलं कोणी? बऱ्याच घरांत ठरवणारी व्यक्ती आई नसते. आजी किंवा वडील ठरवत असतील तर त्यांनाही समोर बसवा. बांगलादेशात ब्रॅक संस्थेनं १९८०पासून दारोदार जाऊन तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर (साधारण अर्धा लिटर) पाणी ही जलसंजीवनीची कृती शिकवली. आयांना ती पाठ झाली, पण सुरुवातीला प्रत्यक्ष वापरणाऱ्या थोड्याच निघाल्या. शिकवणाऱ्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता आणि घरातल्या पुरुषांना वगळलं होतं, ही त्यातली मोठी कारणं.

जलसंजीवनीचं (ओआरएसचं) तयार पाकीट मिळत असेल तर तेच वापरा. त्यावर लिहिलेलं पाण्याचं माप मोठ्यानं वाचून दाखवा, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर मीठ घातक प्रमाणात वाढतं. थोडी थोडी पूड काढून वापरली तर क्षार आणि साखर सारख्या प्रमाणात येतीलच असं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीनं वरचा ढीग काढून टाकलेला. आधी फक्त मीठ घालून चव घ्यायला सांगा. अश्रूंहून खारट लागलं तर ते पाणी ओतून द्यायचं. साखर जास्त झाली तर ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब खरोखरच वाढतात. बाटलीतली गोड पेयं याच कारणानं चालत नाहीत.

हे सगळं तुम्ही करून दाखवू नका. तिच्या भांड्यात, तिच्या चमच्यानं, तिच्याच हातून होऊ द्या आणि लिटरची खूण भांड्यावर करून ठेवा. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, त्याहून मोठ्यांना हवं तेवढं. बाटलीनं नाही, वाटी-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, पण दर दोन-तीन मिनिटांनी एकच चमचा. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही. झिंक १० ते १४ दिवस रोज द्यायचं: सहा महिन्यांखाली १० मिलिग्रॅम, पुढे २०. जुलाब थांबले तरी गोळ्या पुऱ्या करायच्या.

आता जे सांगायचं हमखास राहतं ते: जलसंजीवनीनं जुलाब थांबत नाहीत. जुलाबात बिघडलेलं आतडंही साखरेसोबत मीठ शोषून घेतं आणि त्यामागून पाणी आत जातं. त्यामुळे अंगातलं पाणी टिकतं, एवढंच तिचं काम. हे आधी सांगितलं नाही तर दुसऱ्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणून पातेलं बाजूला जातं आणि जुलाब बंद करणारं औषध येतं, जे लहान मुलांना देऊच नये.

मूल सुस्त पडलं, पिईनासं झालं, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर दोन सेकंदांत पूर्ववत झाली नाही, किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर दवाखाना गाठायचा. मूल पिऊ शकत असेल तर वाटेतही चमचा चालू ठेवायचा.