पावसाळ्यात घोड्याचा खूर सडू नये म्हणून काय करावे

जूनमध्ये पाऊस लागला की माथेरानची लाल माती घोड्याच्या खुरात भरायला लागते, ती दसऱ्यापर्यंत निघत नाही. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारींना बंदी, त्यामुळे माणसं आणि सामान मिळून इथला बराचसा भार घोड्याच्या चार पायांवर. मी वीस वर्षांहून जास्त काळ घोडे सांभाळतोय. दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतंच, "घोडा पुढून आखडतोय, खुराला वास येतोय, काय लावू?" उत्तरंही ठरलेली. जळकं ऑइल ओत, फिनेल ओत, रॉकेल ओत, बॅटरीचं पाणी घाल. या ओतण्यापायी चांगले खूर वाया गेलेले मी पाहिले आहेत. काय लावायचं हे नंतर. कुठे लावायचं, ते आधी कळलं पाहिजे.

घोड्याला पाय द्यायची सवय आहे असं धरून चालतो. नसेल तर आधी ती लावा.

दिवसातून दोनदा, कामावर जाण्याआधी आणि आल्यावर, चारही खूर आकडीने साफ करा. आकडी टाचेकडून पुढे ओढायची, उलट कधीच नाही. मग कडक ब्रश मारायचा. उठसूट पाण्याने धुवायचं नाही, पावसाचं पाणी पुरेसं असतं.

आता तळवा नीट बघा. मध्ये रबरासारखा त्रिकोण दिसेल, टोक पुढे आणि रुंद बाजू टाचेकडे. मी त्याला गादी म्हणतो. गादीच्या दोन्ही बाजूंना एकेक खाच असते आणि मागच्या अंगाला, बरोबर मधोमध, तिसरी. बाजूच्या खाचा सगळेच साफ करतात. गडबड होते ती या मधल्या खाचेत.

निरोगी घोड्याची मधली खाच उथळ आणि पसरट असते, मळलेल्या कणकेत अंगठा दाबावा तशी. तळ दिसतो, बोट आत अडकत नाही. ती अरुंद झाली, टाचेच्या दोन उंचवट्यांमध्ये नुसती चीर दिसायला लागली, की आत सड आहे असंच धरा. वरून खूर कितीही स्वच्छ दिसो.

हे मला कळायला एक पूर्ण पावसाळा गेला. माझी कुमाईत घोडी उतारावर पावलं आखडून टाकायला लागली. मी तीन आठवडे रोज फिनेलचं पाणी ओतत होतो. वास दोन दिवस जायचा, परत यायचा. नालबंदाला वाटलं नाल लागतेय, म्हणून नालही बदलून झाली. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी पाय हातात घेतला आणि बोथट काडीला कापूस गुंडाळून ती मधल्या चिरेत अलगद सरकवली. काडी जवळजवळ अर्ध्या बोटाएवढी आत गेली. घोडीने पाय हिसकला. कापूस बाहेर आला तो काळा, चिकट, आणि कुजलेल्या मांसासारखा घाण वास. तीन आठवडे मी औषध ओतत होतो ते चिरेच्या तोंडावरून वाहून खाली जमिनीवर पडत होतं. आत एक थेंबही पोचला नव्हता.

ही सड करणारे जंतू हवा नसलेल्या जागी वाढतात. चीर मिटलेली, आत ओल आणि लीद कोंडलेली, म्हणजे त्यांची चंगळच. म्हणून वरून तेल किंवा ऑइल चोपडणं सगळ्यात वाईट. त्याने खूर चकाकतो आणि घाण आतच बंद होते. फिनेल, बॅटरीचं पाणी, फॉर्मलिन यांनी आतलं जिवंत मांस भाजतं आणि घोडा पुढच्या वेळी पायाला हात लावू देत नाही. आजारापेक्षा उपचार भयंकर म्हणतात तो प्रकार हाच. मोरचूद मेलेल्या, कडक भागावर थोडं चालतं, पण ओल्या जखमेवर मी ते घालू देत नाही.

मी करतो ते असं. आधी नालबंदाकडून गादीच्या लोंबत्या, फाटक्या चिंध्या कापून घ्यायच्या. चिंध्याच फक्त. चांगली गादी सोलून "साफ" करणाऱ्या नालबंदाला तिथेच थांबवा, ती गादी घोड्याला चालायला लागते. रक्त आलं तर हात जास्त चाललाय.

मग पोव्हिडोन आयोडीन. दुकानात मिळतं त्या दहा टक्के औषधाचा एक भाग, स्वच्छ पाण्याचे नऊ भाग. सुई काढलेल्या सिरिंजने ते चिरेच्या तळापर्यंत सोडायचं, दाब न देता, बाहेर येणारं पाणी निवळ दिसेपर्यंत. त्यानंतरचं काम लोक हमखास गाळतात: कोरडं करणं. पट्टीचं कापड दुमडून चिरेत घालायचं, काढायचं, नवीन घालायचं, ते कोरडं बाहेर येईपर्यंत. मला एका पायाला दहा मिनिटं लागतात. घाईच्या दिवशी हे टाळलं की चार दिवसांची मेहनत पाण्यात जाते.

शेवटी चीर भरायची. पट्टीच्या कापडाची बोटभर रुंद फीत घ्या, तिला झिंक ऑक्साइडचं मलम चोळा आणि बोथट काडीने तळापर्यंत सारा. ठासू नका. आतल्या दुखऱ्या भागावर दाब आला तर घोडा आणखी लंगडेल. फितीचं टोक बाहेर ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती सापडत नाही आणि आतच कुजते. तेही माझ्याकडून एकदा झालंय. फीत चीर किंचित उघडी ठेवते आणि बाहेरची माती आत जाऊ देत नाही. रोज बदलायची. पहिले काही दिवस ती काळी निघेल, मग करडी, मग नुसती मळकी. वास गेला म्हणून थांबू नका. खाचेचा तळ डोळ्यांना दिसेपर्यंत चालू ठेवा. माझ्या घोडीला महिना लागला.

या काळात चाल बघत राहा. घोडा धड असेल तर सपाट जमिनीवर सावकाश चालताना टाच आधी टेकवतो किंवा पूर्ण खूर एकदम. मागचा भाग दुखत असेल तर पुढचं टोक आधी टेकतं आणि नाल पुढून जास्त झिजते. जुनी नाल फेकण्याआधी उलटी करून बघा, तिच्यावर सगळं लिहिलेलं असतं.

उभं राहायची जागा: लीद दिवसातून दोनदा काढा, मूत साचू देऊ नका. अख्खा तबेला कोरडा ठेवणं आपल्याकडच्या पावसात जमत नाही, पण फळ्या टाकून, वर भुसा किंवा पेंढा पसरून एक उंच कोपरा तरी कोरडा राहिलाच पाहिजे.

नालबंदी पाच-सहा आठवड्यांनी. नाल झिजली नाही म्हणून तीन-तीन महिने तशीच ठेवणारे आहेत. खूर महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर वाढतो, नाल वाढत नाही. पुढचं टोक लांबतं, टाचा नालेत आवळतात आणि मधली खाच मिटते. म्हणजे सड जाते आणि परत येते. नाल खुराप्रमाणे वळवायची, नालेप्रमाणे खूर कानशीने घासायचा नाही. टाचेजवळ ती जरा रुंद हवी आणि खूर जिथे सगळ्यात रुंद असतो त्याच्या मागे खिळा नको, कारण वजन पडलं की टाच फाकते आणि तिला जागा लागते. हे नालबंदाला तोंडावर सांगा. राग आला तरी चालेल, घोडा तुमचा आहे.

काही वेळा मात्र घरचा इलाज करायचाच नाही. खूर हाताला गरम लागतोय, पायावर सूज चढतेय, मांस बाहेर आलंय किंवा घोडा पाय टेकतच नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर. घोडा पुढचे पाय पुढे टाकून वजन मागे घेऊन उभा असेल, तर तो वेगळा आणि फार गंभीर आजार असतो. बऱ्याचदा तो हरभरा किंवा धान्य जास्त खाण्यात आल्याने होतो. त्याला चालवू नका.

तळव्यात खिळा घुसलेला दिसला तर ओढून काढायची घाई नको. कुठे आणि किती खोल गेलाय ते डॉक्टरांनी जागेवर बघितलेलं बरं, काढल्यावर भोक मिटतं आणि सापडत नाही. तोवर घोडा हलवू नका, म्हणजे खिळा आणखी आत जाणार नाही. आणि धनुर्वाताची लस दर वर्षी द्याच. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि झाला की घोडा सहसा हाती लागत नाही. मी ती मे महिन्यातच देऊन घेतो, पहिल्या पावसाच्या आधी.