फायबरच्या होडीची मागची फळी बदलली: माझा अनुभव

मालवणला काकांची 18 फुटी फायबरची होडी तीन पावसाळे माडाखाली उघडीच पडून होती. "ती आता कामाची नाय रे," काका म्हणायचे. मला ती टाकवेना.

रंग खरवडण्याआधी हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकून पाहिलं. तळ टणटण वाजला, पण इंजिन बसतं ती मागची फळी भदभद. ड्रिल मारलं तर काळा, ओला भुसा चिकटून आला, आंबूस वासाचा. आतलं प्लायवुड पार कुजलेलं. वरून फायबरची मॅट (काचतंतूंची चादर) मारून भागण्यासारखं नव्हतं. आतल्या बाजूचं फायबर कापलं, कुजका लगदा छिन्नीने उकरला, आठवडाभर उन्हात वाळू दिलं आणि मग नवं मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवुड) बसवलं. काम एप्रिलमध्येच घ्या; पावसाळी दमट हवेत रेझिन (फायबरला घट्ट धरणारा चिकट द्रव) नीट धरत नाही.

रेझिनचा पहिला मगभर घाणा वाया गेला. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) जास्त पडला आणि बघता बघता रेझिन तापून धुरलं. त्यानंतर काट्यावर मोजूनच: किलोभर रेझिनला 15 ग्रॅम हार्डनर. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. हे दोन्ही थेट एकमेकांत कधीच मिसळू नका, भडका उडतो. जिवाशी गाठ आहे.

नारळी पौर्णिमेला काकांनी आधी फळीवर दांडा ठोकून बघितला. टणटण. मगच नारळ सोडला.